मदत हवी आहे : रियाधला जावं की पुण्यातच थांबावं?

नमस्कार मंडळी. मी सिव्हिल इंजिनिअर, हिंजवडीत निवासी टॉवरच्या साइटवर असिस्टंट प्रोजेक्ट मॅनेजर आहे. स्लॅबचं वेळापत्रक, ठेकेदारांची बिलं, महारेराला कळवलेल्या तारखा, हे सगळं सांभाळतो आणि मनापासून आवडतं. आता रियाधहून प्लॅनिंग इंजिनिअरची ऑफर आलीय. पगार चांगला, पण साइट सुटून दिवसभर प्रिमाव्हेरा, म्हणजे वेळापत्रक आखायचं सॉफ्टवेअर. सौदी कौन्सिल ऑफ इंजिनिअर्सची नोंदणी, पदवीचं अटेस्टेशन, याला साधारण किती वेळ लागतो? मुख्य प्रश्न वेगळाच आहे: आखातातून परतलेल्यांना इथे प्रोजेक्ट मॅनेजरची जागा मिळते का, की तोवर बरोबरीचे पुढे निघून जातात? त्यापेक्षा आधी पीएमपी (प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं प्रमाणपत्र) करावं, की बालेवाडीच्या निकमार या बांधकाम व्यवस्थापन शिकवणाऱ्या संस्थेतून एमबीए? आईबाबा इथे दोघंच राहतील, म्हणून घाईने ठरवायचं नाहीये. तिकडे काम केलेल्या दादा-ताईंनी कृपया सविस्तर लिहा.