1,282 तबले म्हणजे मैफल का?

लश्करकर: काल इथे एकांनी लिहिलं की ग्वाल्हेरनं पाहिलेली सगळ्यात अविस्मरणीय मैफल म्हणजे 25 डिसेंबर 2023 चा ताल दरबार. किल्ल्यावर एका वेळी 1,282 तबलजी, गिनीजमध्ये नोंद, आणि काय हवं! वाचता वाचता चहा गार झाला. अहो, ती कवायत होती. मैफलीत गवई एखादी जागा, म्हणजे सुरांचं सुंदर वळण, घेतो, समोरून दाद येते, मग तो तीच जागा निराळ्या अंगानं घेऊन दाखवतो. हजार माणसांत कोण कुणाकडे बघणार? ग्वाल्हेर घराण्याच्या हद्दू-हस्सू खाँसारख्या गवयांच्या गावात आता डोकी मोजून गाणं ठरवायचं? आमच्या आजोबांनी त्याच घराण्याच्या कृष्णराव पंडितांना वाड्यात, गादीवर बसून ऐकलं. जेमतेम चाळीस माणसं. तराणा सुरू झाला आणि हातातला विडा तोंडापर्यंत गेलाच नाही, हे ते शेवटपर्यंत सांगत.

मुरारची आई: काका, त्या 1,282 मध्ये माझा मुलगा होता. कित्येक दिवस घरात एकच ठेका. कुकरची शिटीसुद्धा आम्हाला तालात वाटायला लागली होती. डिसेंबरच्या गारठ्यात बोटं आखडली, तरी पोरानं कुरकुर केली नाही. तुमच्या वाड्यात चाळीस माणसं होती, पण बोलावणं कुणाकुणाला होतं?

लश्करकर: मुलाचं कौतुकच आहे, ताई. प्रश्न त्याचा नाही.

मुरारची आई: प्रश्न त्याचाच आहे.

हजिऱ्याचा राजू: गादीचं राहू द्या, सोफ्यांवर बोला! एका मोठ्या सभेत (नाव घेत नाही) पुढच्या चार रांगा पासवाल्यांच्या. सुरुवातीचं संथ विलंबित संपेपर्यंत रिकाम्या. आई गुडघे धरून मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर. मी म्हटलं, तिला पुढे बसू द्या. स्वयंसेवक म्हणे, "साहब आ रहे हैं." साहेब आले ते शेवटच्या जलद द्रुतात, फोटो काढला, गेले.

पासवाला: दरवेळी आमच्यावरच का घसरता? माझा पास सासऱ्यांचा. आणि त्या सोफ्यावर झोप येते, मान्य.

राजू: मग आईला द्यायचा होतात.

पासवाला: मला काय स्वप्न पडलं होतं तुमच्या आईचं?

लश्करकर: आईवर जाऊ नका. आणि सोफे आणले कुणी? तुमच्याच त्या रेकॉर्डवाल्या संस्कृतीनं. गादीवर पुढचा-मागचा नसतो.

मुरारची आई: नसतो कसा? माझी आजी आयुष्यभर दाराआड बसून ऐकत आली. तीच तुमची गादी.

नई सडक: सोफ्यावरून उतरा आता सगळे. दर वर्षी तानसेन समारोहाच्या पहिल्या सकाळी तानसेनच्या समाधीपाशी शहनाई होते, ढोलीबुवांची हरिकथा होते, मिलाद (पैगंबरांच्या स्तुतीचं पठण) होतो. 1924 मध्ये हे सगळं उर्स म्हणूनच तर सुरू झालं. तिथे ना पास, ना साहेब. घराणं-घराणं करणाऱ्यांपैकी तिथे कोण येतं? मला तर दर वर्षी तेच आठ-दहा मराठी चेहरे दिसतात. लश्करकर, शेवटचे कधी आला होतात?

लश्करकर: गुडघे दुखतात. आणि सकाळी पाण्याचा नळ येतो.

राजू: नळ! आमच्या हजिऱ्यातही सकाळीच येतो. आई भरून ठेवते आणि जाते.

लश्करकर: बरं बाबा, बरं. दहा वर्षं गेलो नाही. झालं समाधान? तरी 1,282 ला मैफल म्हणणार नाही. फार तर जत्रा म्हणतो. जत्राही वाईट नसते म्हणा. ताई, मुलगा अजून शिकतोय ना?

मुरारची आई: शिकतोय. झपतालात अडकलाय. या ऐकायला, घरी सोफा नाही.

पासवाला: तिथे पास लागेल का?