इंग्लंडमधली घरांची गरज: कुटुंबसंख्येचे २०१४ चे अंदाज धरायचे की २०१६ चे?

आराखडा_वाचक
इंग्लंडमधल्या एका काउन्सिलचा (स्थानिक प्राधिकरणाचा) लोकल प्लॅन, म्हणजे किती घरं कुठे बांधायची याचा आराखडा, तपासते आहे. दर वर्षी देशात किती कुटुंबं वाढणार याचा सरकारी आकडा २०१४ च्या पायावर २ लाख १० हजार आहे, २०१६ च्या पायावर १ लाख ५९ हजार. दोनच वर्षांत पन्नास हजारांची घट कशी? आणि या आकड्यावरून घरांची गरज नेमकी कशी काढतात?

शिरगणती
आधी प्रत्येक स्थानिक प्राधिकरणाची वय आणि लिंगानुसार पुढची लोकसंख्या घेतात. त्यातून वसतिगृहं, वृद्धाश्रम, तुरुंग, बराकी यांत राहणारे वजा करतात. इथे एक बारकावा आहे. ७५ खालच्यांची अशी संख्या कायम धरतात, पण ७५ आणि त्यावरच्यांचं प्रमाण कायम धरतात. म्हणजे म्हातारी माणसं वाढली की वृद्धाश्रमातलेही वाढतात. उरलेल्यांना कुटुंबप्रमुख दराने गुणायचं: त्या वयोगटातल्या शंभरांपैकी किती जणांच्या नावावर वेगळं बिऱ्हाड मोजलं जातं, तो हा दर. सगळ्या गटांची बेरीज म्हणजे कुटुंबसंख्या.

घट दोन्हीकडून झाली. जन्मदर, आयुर्मान आणि स्थलांतर यांची गृहीतकं खाली आली, शिवाय दर काढायची रीत बदलली. गृहनिर्माण खातं १९७१ पासूनच्या पाच जनगणनांचा कल बघायचं. काम राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाकडे, म्हणजे ओएनएसकडे, गेल्यावर त्यांनी फक्त २००१ आणि २०११ घेतल्या, तो कल २०२१ पर्यंत ओढला आणि पुढे दर स्थिर ठेवले.

वीट_आणि_वासा
खरी अडचण त्या स्थिर दरांतच आहे. २००१ ते २०११ या काळात घरं महागली आणि तरुण मंडळी आईवडिलांकडेच राहिली. समजा एका गावात २५ ते ३४ वयाचे १०,००० जण आहेत. दर ०.४५ असेल तर ४,५०० कुटुंबं, ०.४२ असेल तर ४,२००. लोक तितकेच, पण ३०० बिऱ्हाडं कागदावरून गेली. ती माणसं लहानपणच्या खोलीत झोपताहेत, एवढाच फरक. घरं बांधली नाहीत म्हणून कुटुंबं झाली नाहीत, आणि कुटुंबं झाली नाहीत म्हणून घरं नकोत, असं ते चक्र फिरतं. ओएनएस स्वतः सांगतं की हा अंदाज आहे, म्हणजे मागचा कल तसाच चालला तर काय होईल ते. किती घरं हवीत हे तो सांगत नाही.

म्हणूनच २०१९ मध्ये सरकारने मुद्दाम जुने, २०१४ चेच आकडे कायम ठेवले. रीत अशी होती: दहा वर्षांतली सरासरी वार्षिक वाढ घ्यायची आणि घराची किंमत पगाराच्या चौपटीहून जितकी जास्त, तितकी भर घालायची. किंमत पगाराच्या १० पट असेल तर (१० − ४) ÷ ४ × ०.२५ + १ = १.३७५. वाढ ५०० कुटुंबांची असेल तर गरज वर्षाला ६८८ घरांची.

डिसेंबर २०२४ पासून अंदाज या सूत्रातून गेलेच. आता पाया म्हणजे आहेत त्या घरांचे ०.८ टक्के. त्याच गावात ६०,००० घरं असतील तर ४८०. गुणक (१० − ५) ÷ ५ × ०.९५ + १ = १.९५, म्हणजे ९३६ घरं. किंमत आणि पगाराचं गुणोत्तर मात्र पाच वर्षांच्या सरासरीचं घ्या, एका वर्षाचं घातलं की काउन्सिलच्या आकड्याशी ताळा बसत नाही.

आराखडा_वाचक
मग माझ्या प्लॅनमध्ये २०१४ चेच आकडे का दिसताहेत?

वीट_आणि_वासा
आधी तारीख बघा. १२ मार्च २०२५ पर्यंत तपासणीसाठी दाखल झालेला प्लॅन जुन्याच नियमांनी तपासला जातो.

शिरगणती
आणि तसं असेल तर विद्यापीठाच्या गावात लोकसंख्येचा पायाच तपासा. कॉव्हेंट्रीचं उदाहरण बघा. ओएनएसच्या अंदाजात २०२० मध्ये तिथे सुमारे ३ लाख ७९ हजार लोक होते, २०२१ च्या जनगणनेत सापडले ३ लाख ४५ हजार. विद्यार्थी येताना मोजले गेले, शिकून परत जाताना पुरते मोजले गेले नाहीत. अशा फुगलेल्या अंदाजांवर तिथल्या २०१७ च्या प्लॅनने २०११ ते २०३१ साठी ४२,४०० घरांची गरज मांडली होती. शहरात २४,६०० च मावत होती, उरलेली शेजारच्या वॉरिकशायरच्या वाट्याला गेली.

ताळा घ्यायचा तर जन्म, शाळेतली मुलं, निवृत्तिवेतन घेणारे, काउन्सिल टॅक्सची (तिथल्या घरपट्टीची) बिलं हे सगळं अंदाजाशेजारी ठेवा. लोकसंख्या चढते आहे आणि यातलं काहीच तसं चढत नाही, असं दिसलं की स्थलांतराचा रकाना उघडा.

ओटीवरून
दबलेली कुटुंबं, म्हणजे घर नाही म्हणून वेगळी न झालेली बिऱ्हाडं, मोजताच येत नाहीत असं नाही. आपल्याकडे २०१२ मध्ये अर्थतज्ज्ञ अमिताभ कुंडू यांच्या सरकारी तांत्रिक गटाने शहरी भारतातली तूट १ कोटी ८७.८ लाख घरांची काढली, त्यातली १ कोटी ४९.९ लाख निव्वळ दाटीवाटीची. लग्न झालेल्या जोडप्याला वेगळी खोली नाही, तर तेही गरजेत धरलं. इंग्लंडमध्येही आईवडिलांकडे अडकलेल्यांची संख्या जनगणनेतून निघते. तुमच्या काउन्सिलच्या गरज-अहवालात ती वेगळी दिली आहे का ते बघा. नसेल तर हरकत लेखी नोंदवा, आणि २५ ते ३४ चा दर २००१ मध्ये किती होता तो शेजारी लिहा.