गेटवरचे इस्त्रीवाले भाऊ आणि ३५ टक्के माफी

मेघना बी-४०२: तो ‘१० लाख विनातारण, ३५ टक्के माफ’ वाला कर्जाचा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर कोणी टाकला होता? गेटवरच्या इस्त्रीवाल्या भाऊंनी त्यातल्या नंबरवर साडेतीन हजार भरलेत. ‘फाइल चार्ज’ म्हणे. आता फोन बंद.

पाटील ए-३०३: अरे बापरे. पण ते कुठे ग्रुपवर आहेत?

मेघना बी-४०२: नाहीत. म्हणजे आपल्यापैकीच कोणीतरी दाखवला.

शिंदे सी-१०१: मी दाखवला. चांगल्या हेतूने. खाली ‘खात्री करून घ्या’ लिहिलेलं होतं.

मेघना बी-४०२: शिंदेकाका, खात्री त्यांनी करायची होती की तुम्ही?

पाटील ए-३०३: भांडण नंतर. आधी त्यांना १९३० वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन करायला लावा, आजच. उशीर झाला की पैसे पुढे सरकतात.

देशपांडे ए-१०१: १० लाख विनातारण म्हणजे मुद्रा कर्ज, त्यात एक पैसा माफ होत नाही. सबसिडी मुळातच नाही. २०१५ ला योजना आली तेव्हापासून बँकेच्या काउंटरवर बसून हेच सांगत आलो. कर्जाचे गट असे: शिशु ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाख, तरुण १० लाख. पुढे २०२४ ला तरुण प्लस आलं, २० लाखांपर्यंत, तेही तरुणचं कर्ज नीट फेडलेल्यालाच. विनातारण म्हणजे न फेडता चालतं असं नव्हे. आणि मुद्रा ही संस्था स्वतः कोणाला कर्ज देतच नाही, बँकांना मागून पैसा पुरवते. एजंट नेमलेले नाहीत.

कदम बी-२०१: काका, मध्ये श्वास घ्या 😄

शिंदे सी-१०१: मग ३५ टक्के कुठून आलं? हवेतून?

देशपांडे ए-१०१: ते पीएमईजीपी, पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम. नवीन धंद्यासाठी, चालू धंद्याला नाही. विशेष प्रवर्गाला ग्रामीण भागात ३५ टक्के, शहरात २५. खुल्या प्रवर्गाला ग्रामीणमध्ये २५, शहरात १५. ही सबसिडीही हातात पडत नाही. बँकेत ३ वर्षं ठेव म्हणून अडकते, धंदा जागेवर चालू दिसला की कर्जात वळती होते.

कदम बी-२०१: म्हणजे आम्हाला १५. नेहमीचंच.

गायकवाड सी-३०४: कदमसाहेब, विशेष प्रवर्गात महिला येतात, माजी सैनिक येतात. वहिनींच्या नावाने टाका अर्ज.

कदम बी-२०१: मी सहज म्हणालो.

गायकवाड सी-३०४: तुम्ही सहजच म्हणता.

सौ. कदम बी-२०१: मीही ग्रुपवर आहे हो.

शिंदे सी-१०१: 🙏 शासनाची खास योजना!! १० लाख विनातारण, ३५ टक्के माफ!! आजच फोन करा 🙏

मेघना बी-४०२: काका!!!

शिंदे सी-१०१: डिलीट करायला गेलो, फॉरवर्ड झाला.

गायकवाड सी-३०४: भाऊंना विश्वकर्मा योजना बसेल. १८ व्यवसायांत धोबी आहे. आधी १ लाख, ते फेडलं की २ लाख, व्याज ५ टक्के. अवजारांसाठी १५ हजारांचं व्हाउचर, ते मात्र परत करायचं नाही. नोंदणी सीएससीवर, म्हणजे कॉमन सर्व्हिस सेंटरवर, चालू आहे का ते आधी विचारून घ्या. फाइल चार्ज वगैरे काही नसतो.

कदम बी-२०१: कर्ज मिळो की न मिळो, त्याची इस्त्री आपल्या कॉमन मीटरवर चालते. हे मी वार्षिक सभेतही सांगितलं होतं.

पाटील ए-३०३: विषय काय, तुमचं काय.

कदम बी-२०१: विषय तोच. लाइट कोणाची?

मेघना बी-४०२: भाऊ तीन महिन्यांपूर्वी बँकेत जाऊन आले होते. धंद्याच्या जागेचं काहीतरी लेखी आणा म्हणाले. सोसायटीकडे पत्र मागितलं तर ‘बघू’ असं उत्तर मिळालं. त्या एजंटने कुठलंच पत्र मागितलं नाही. म्हणून भरले त्यांनी पैसे.

सेक्रेटरी ए-२०२: मी ‘नाही’ म्हटलं नव्हतं. पत्र दिलं आणि उद्या जागेवर हक्क सांगितला तर?

गायकवाड सी-३०४: अकरा वर्षं गेटजवळच्या जिन्याखाली उभे आहेत. सांगायचा असता तर सांगितला असता.

सौ. कदम बी-२०१: त्यांचे दोन महिन्यांचे पैसे आपल्याकडेच बाकी आहेत, हेही लिहा.

कदम बी-२०१: घरी बोलू.

देशपांडे ए-१०१: हक्काचं शब्दांनी सांभाळता येतं. ‘अमुक वर्षांपासून येथे इस्त्रीचे काम करतात’ एवढंच लिहा. भाडं, ताबा, परवानगी, काही नको.

सेक्रेटरी ए-२०२: ‘येथे’ म्हणजे सोसायटीची जागा झाली. ‘गेटसमोर’ लिहू?

पाटील ए-३०३: गेटसमोर महापालिकेचा फुटपाथ. तो तुमचा कधी झाला?

कदम बी-२०१: आणि मीटर?

सेक्रेटरी ए-२०२: ठीक आहे, ‘येथे’. लेटरहेड माझ्याकडे आहे. शिक्का कोणाकडे?

मेघना बी-४०२: खजिनदारांकडे. ते सोमवारपर्यंत गावाला.