मुरगळलेला घोटा, धरलेली कंबर आणि कायरोप्रॅक्टिक

प्रश्न : सोलापुरात पार्क मैदानावर कबड्डीचा सराव करताना माझ्या मुलाचा घोटा मुरगळला असून कंबरही धरली आहे, ‘कायरोप्रॅक्टिकने (हातांनी मणक्यांना व सांध्यांना झटका देऊन करायच्या उपचाराने) एका झटक्यात मोकळे होईल’ असे सांगणाऱ्यांवर विसंबावे काय?

उत्तर : कंबरेच्या साध्या दुखण्यात मणक्यांवरील हस्तोपचाराने थोडाफार आराम पडतो, परंतु घोट्यातील ताणलेला अस्थिबंध (हाडांना जोडणारा पट्टा, लिगामेंट) झटका देताना होणाऱ्या ‘कट्’ आवाजाने सांधत नाही, त्याला बर्फ, पट्टी आणि पुढे एका पायावर तोल सांभाळण्याचे व्यायाम लागतात. (आंबेहळदीचा लेप आजी लावणारच, लावू द्यावा.) चार पावलेही टाकता येत नसतील, तर आधी एक्स-रे काढावा.

दुसरे उत्तर : मानेला झटका मात्र देऊ देऊ नये, कारण त्यातून क्वचित रक्तवाहिनीस इजा होते. पाय बधिर होत असेल, तर थेट अस्थिरोगतज्ज्ञांकडे न्यावे.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. एक्स-रे आजच काढतो.