भ्रष्टाचार उघड करणाऱ्याला सरकारनं भरपाई द्यावी का?

मावळा_पुणे: तळेगाव दाभाड्याचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी आठवतात का? मुंबई-पुणे एक्सप्रेसवेच्या आजूबाजूचे जमीन घोटाळे बाहेर काढले, पोलीस संरक्षण मागितलं, मिळालं नाही आणि १३ जानेवारी २०१० ला सकाळी फिरायला गेले असताना मारलं त्यांना. २०१४ मध्ये भ्रष्टाचार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, राष्ट्रपतींची सही झाली, पण लागू अजून केलेलाच नाही. त्यातही छळ झाला तर माणसाला पूर्वस्थितीत आणा असा आदेश देता येतो म्हणे, मेलेल्याला कुठून आणणार पूर्वस्थितीत? घरच्यांना भरपाई हवीच.

स्पष्टवक्ता: पैसे जाहीर करा आणि बघा मजा. आत्ताच माहिती अधिकाराचे अर्ज टाकून बिल्डरशी सेटलमेंट करणारे गल्लोगल्ली आहेत, त्यांना सरकारी पगार सुरू होईल.

मावळा_पुणे: खोटी तक्रार केली तर २ वर्षांपर्यंत कैद नि ३० हजारापर्यंत दंड त्याच कायद्यात आहे. आणि शेअर बाजारावर लक्ष ठेवणारी सेबी इनसाइडर ट्रेडिंगची (कंपनीची आतली माहिती वापरून केलेल्या शेअर व्यवहाराची) टीप देणाऱ्याला १० कोटीपर्यंत बक्षीस देते, तिथं नाही वाटत ब्लॅकमेलची भीती?

घाटावरची: पैशाआधी नाव गुप्त ठेवा हो. महामार्ग प्राधिकरणातले इंजिनिअर सत्येंद्र दुबे यांनी महामार्गाच्या कामातल्या घोटाळ्याचं पत्र थेट पंतप्रधान कार्यालयाला लिहिलं, नाव उघड करू नका अशी विनंतीही केली, तरी ते पत्र नावासकट या टेबलावरून त्या टेबलावर फिरलं. नोव्हेंबर २००३ मध्ये गयेत गोळ्या घातल्या. दारात दोन हवालदार उभे करून काय होणार, उलट गावभर कळतं कोणी तक्रार केली ते.

सातबारा: मोठ्या केसेस सोडा, माझ्या मेव्हण्याचं सांगतो. फेरफार नोंदीसाठी पैसे मागितले म्हणून लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ नंबरला फोन केला, सापळा लागला, लाच घेणाऱ्याला पकडायला पावडर लावलेल्या नोटा मेव्हण्याच्याच खिशातल्या. त्या पुरावा म्हणून जमा, परतावा मिळतो पण हेलपाटे मारून. माणूस पकडला गेला हे खरं, पण त्या ऑफिसात आता ह्याच्या फाईलला कोणी हात लावेना, साहेब मीटिंगमध्ये, साहेब दौऱ्यावर, पुढच्या आठवड्यात या. ह्याची भरपाई कोण देणार?

स्पष्टवक्ता: मेव्हण्याचं काम महिन्यात करून द्या असा नियम करा, माझा पाठिंबा. रोख पैसे मात्र शिक्षा लागल्यावर, वसूल झालेल्या रकमेतूनच.

मावळा_पुणे: शिक्षा लागल्यावर?? शेट्टींच्या केसमध्ये सीबीआयनं क्लोजर रिपोर्ट (तपास बंद करण्याचा अहवाल) दिलाय राव. म्हणजे त्यांच्या घरच्यांना शून्य, असंच ना?