अनुभव धागा: दुर्बिणीचे कॉलिमेशन आणि आपले ग्रहदर्शन

गुरूचे पट्टे धूसर दिसले की आपण दोष हवेला देतो आणि हवा शांत असली तर नेत्रिकेला (आयपीसला). आरशांचे स्क्रू मात्र शेवटी आठवतात. खानदेशातील निरीक्षकांनी आपापल्या परावर्तक दुर्बिणीच्या आरशांची जुळणी, म्हणजेच कॉलिमेशन, करताना काय केले आणि कुठे चुकले, ते येथे लिहावे, ही विनंती. आरंभ मीच करतो.

जळगाव
माझ्या दुर्बिणीचा मुख्य आरसा आठ इंची असून नाभीय अंतर १२०० मिलिमीटर आहे. ध्रुवतारा जागचा फारसा हलत नाही, म्हणून त्याच्यावरच जुळणी तपासावी, असा सल्ला मी वाचला होता. तो लंडनला ठीक. आपल्याकडे ध्रुव जेमतेम २१ अंशांवर असतो आणि तिथल्या जाड हवेतून, शिवाय दिवसभर तापलेल्या स्लॅबच्या गच्च्यांवरून पाहताना त्याच्या प्रतिमेभोवतीची प्रकाशवलये उकळत्या पाण्यासारखी थरथरतात. दोन हिवाळे मी त्या थरथरीलाच बिघाड समजून स्क्रू फिरवत राहिलो आणि होती ती जुळणीही घालवली. आता मी नळी तासभर आधी गच्चीवर ठेवतो, डोक्यावर आलेली रोहिणी ६ मिलिमीटरच्या नेत्रिकेतून, म्हणजे २०० पट वर्धनाने पाहतो आणि फोकस किंचित बिघडवतो. वलये एका बाजूला दाटलेली दिसली, तर तारा त्याच बाजूला सरकवायचा आणि मुख्य आरशाच्या स्क्रूंनी पुन्हा मध्यभागी आणायचा. नेत्रिकेला डोळा लावून माझा हात मागच्या स्क्रूंपर्यंत पोहोचत नाही. ते काम माझी मुलगी करते आणि पाव आट्याऐवजी अर्धा आटा फिरवल्याचे कधीच कबूल करत नाही.

अमळनेर
दादा, माझी अडचण वेगळी होती. जुळणी तपासण्यासाठी नेत्रिकेच्या जागी बसवायच्या लेझरचा ठिपका आरशावरच्या खुणेवर नेमका पडत होता, परतीचा किरणही बरोबर येत होता आणि तरीही शनी पुसटच दिसत असे. शेवटी एका फळीवर खिळ्यांच्या दोन जोड्या ठोकून त्यांच्या बेचक्यांत लेझर ठेवला आणि जागेवरच गोल फिरवला, तेव्हा समोरच्या भिंतीवर ठिपक्याने चांगले मोठे वर्तुळ काढले. उपकरण स्वतःच तिरके होते! त्याची जुळणी करण्यात माझी एक संध्याकाळ गेली. मी आता साध्या चेशायर नेत्रिकेवर, म्हणजे डोळ्यानेच जुळणी पाहायच्या नळीवर, अधिक विश्वास ठेवते. तिला ना बॅटरी लागते, ना तिच्यात काही तिरके होण्यासारखे असते.

शहादा
तोरणमाळच्या घाटातून दुर्बीण जीपने नेल्यावर जुळणी टिकत नाही, हे गृहीतच धरावे. वर पोहोचल्यावर आधी दुय्यम आरसा (नळीच्या तोंडाजवळचा छोटा) पाहावा, मग मुख्य. जुळणी पक्की करणारे लॉकस्क्रू हलकेच आवळावेत. मी एकदा जोरात आवळले आणि त्यांनीच आरसा सरकवला.

भुसावळ
छायाचित्रणात जुळणीची चूक अधिक महागात पडते. माझी दुर्बीण एफ ५ आहे, म्हणजे नाभीय अंतर आरशाच्या व्यासाच्या पाचपट, आणि अशा दुर्बिणीत तारे शेपटीविना दिसण्याचे क्षेत्र जेमतेम तीन मिलिमीटर व्यासाचे असते. मुख्य आरसा जरासा कलला की ते क्षेत्र मध्यापासून सरकते. मी गुरू चित्राच्या मध्यभागी ठेवून हजारो फ्रेम घेत होतो, पण तीक्ष्ण जागा कडेला होती आणि प्रक्रियेत कितीही धार लावली तरी गुरूवरचा लाल डाग एका बाजूला फरफटलेलाच राहिला. याउलट, ग्रह क्षितिजाजवळ असताना त्याच्या वर-खाली निळी-लाल किनार दिसते, तो वातावरणाचा परिणाम आहे. ती पाहून स्क्रूला हात लावू नये. मी लावला होता.