जुलैमधला ‘डिसेबिलिटी प्राइड’चा कार्यक्रम: मंचावर वाटप ठेवावं का?

निळी_शाई

नमस्कार मंडळी. आम्ही काही जण मिळून एक छोटी सेवाभावी संस्था चालवतो. यंदा जुलैत ‘डिसेबिलिटी प्राइड’निमित्त, म्हणजे अपंगत्वाच्या अभिमानाचा, कार्यक्रम करायचं घाटतंय. पाहुण्यांचं भाषण, मंचावर वीस व्हीलचेअरचं वाटप, दोघा-तिघांचा सत्कार, मग ग्रुप फोटो. देणगीदार तयार आहेत, हॉल ठरलाय. पोस्टरवर तो काळ्या पार्श्वभूमीवर रंगीत, विजेसारख्या वाकड्यातिकड्या पट्ट्यांचा झेंडा टाकलाय.

बैठकीत दोन ठिकाणी गाडी अडली. आमच्यातले एक ज्येष्ठ काका म्हणाले, “अभिमान कर्तृत्वाचा असतो. पाय चालत नाहीत याचा कसला अभिमान?” आणि आमचा हिशेब बघणाऱ्या ताई, ज्या स्वतः कुबड्या वापरतात, म्हणाल्या, “मंचावर वाटप असेल तर मी येणार नाही.” कारण विचारलं तर “तुम्हीच विचार करा” म्हणून उठून गेल्या. दोघांना काय उत्तर द्यावं? अनुभवी लोकांनी सांगावं.

मधला_बाक

काकांशी सहमत. आणि वाटपात वाईट काय आहे? ज्याला खुर्ची मिळते त्याचं काम झालं. देणाऱ्याने एक फोटो काढला तर बिघडलं कुठे? उगाच फाटे फोडू नका.

हातचाक

निळी_शाई ताई, मी खुर्चीवर असतो. मणक्याला मार बसला तेव्हा विशीत होतो, आता केस पिकलेत. वाटपाच्या मंचावर मीही चढलोय. चढलोय म्हणजे काय, चौघांनी खुर्चीसकट उचलून वर ठेवला. त्यातल्या एकाने नेमकं फूटरेस्ट धरलं आणि ते निखळून त्याच्या हातात आलं. मी तिरका, माझा एक पाय लोंबकळतोय आणि माइकवरून निवेदक सांगतोय, “टाळ्या थांबू देऊ नका!”

तुमच्या हिशेबवाल्या ताईंचा राग खुर्च्यांवर नसावा, मंचावर असावा. साधं गणित आहे. उताराचं प्रमाण १:१२ धरतात, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. तीन फुटी मंचाला छत्तीस फुटी उतार लागेल, मध्ये टेकायला सपाट जागा हवी ती वेगळीच. तुमच्या हॉलात आहे एवढा? मग कार्यक्रम ज्यांचा, ते हमालीच्या सामानासारखे वर जाणार आणि पाहुणे आपल्या पायांनी. मंचच काढून टाका, सगळे खाली एका पातळीवर बसा. मंचाचं भाडंही वाचेल.

आता त्या वीस खुर्च्या. एकाच मापाच्या असतील ना? घाऊक घेतल्या की तशाच येतात. बैठक जास्त रुंद असली की माणूस एका अंगावर कलतो. चाकाच्या कडीपर्यंत हात पोचवायला कोपरं फाकवावी लागतात आणि हळूहळू खांदे कामातून जातात. फूटरेस्ट उंच असलं तर गुडघे वर येतात आणि सगळा भार बसायच्या हाडांवर पडतो. माझ्यासारख्याला तिथे काही जाणवत नाही. कातडी लाल झाली, फुटली, पत्ता लागत नाही. कोणीतरी बघून सांगतं तोवर जखम खोल गेलेली असते, मग पालथं पडून महिने काढायचे. म्हणून खुर्चीइतकीच खालची उशी महत्त्वाची, आणि नेमकी तीच यादीत नसते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली हाताने चालवायच्या व्हीलचेअर कशा पुरवाव्यात याची मार्गदर्शिका काढली. तिच्यात आठ टप्पे आहेत. माणूस तपासणं, त्याची खुर्ची ठरवणं, तयार झाली की बसवून बघणं, वापरायला शिकवणं, पुढे जाऊन पुन्हा पाहणं हे सगळं त्यात येतं. टाळ्यांचा टप्पा मी शोधला, सापडला नाही.

मधला_बाक साहेब, “फोटो काढला तर बिघडलं कुठे” हा प्रश्न ब्रिटनमध्ये अपंगांनीच निकालात काढलाय. तिथे आयटीव्ही वाहिनीवर टेलिथॉन, म्हणजे देणग्या गोळा करायचा लांबलचक कार्यक्रम, व्हायचा. पडद्यावर केविलवाणे चेहरे आणि खाली जमणाऱ्या पैशाचा आकडा. १९९० आणि १९९२ साली अपंग लोकच त्याच्या विरोधात रस्त्यावर उतरले. ज्यांच्या नावाने पैसा गोळा होत होता तेच दारात उभे! ९२ नंतर तो टेलिथॉन पुन्हा झाला नाही. पैसे नकोत असं त्यांचं म्हणणं नव्हतं. आमची कीव विकून जमवू नका, आणि त्या पैशाचं काय करायचं ते ठरवताना आम्हाला बसवा, असं होतं.

काकांना सांगा, अभिमान कर्तृत्वाचाच असतो हे शंभर टक्के मान्य. तर कर्तृत्वच ऐका. १९७७ च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या सरकारी इमारतीत अपंगांनी जवळपास चार आठवडे ठिय्या दिला. मागणी एवढीच, की सरकारी पैशावर चालणाऱ्या ठिकाणी भेदभाव चालणार नाही असं सांगणाऱ्या कायद्याचे नियम लागू करा. कायदा १९७३ चा, नियमांवर सही मात्र होत नव्हती. आतले फोन तोडले तेव्हा कर्णबधिर आंदोलकांनी खिडकीत उभं राहून सांकेतिक भाषेत बाहेर निरोप पोचवले. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाचे लोक त्यांना जेवण आणून देत होते. शेवटी सही झाली. पुढे १२ मार्च १९९० ला वॉशिंग्टनमध्ये साठेक जण खुर्च्या-कुबड्या खाली टाकून संसदेच्या पायऱ्या सरपटत चढले. त्यांच्यात आठ वर्षांची जेनिफर कीलनही होती. त्याच वर्षी २६ जुलैला अमेरिकेच्या अपंग हक्क कायद्यावर सही झाली. तुमचा जुलै महिना तिथून आलाय. पायऱ्या कुणी बांधल्या आणि त्या पाडायला कुणी भाग पाडलं, अभिमान त्या भाग पाडणाऱ्यांचा आहे. निकामी पायांचा नाही.

अर्धं_डोकं

हातचाकदादांच्या गणिताला माझे दहापैकी दहा.

मी झेंड्यापुरतं बोलते. पोस्टरवरचा तो जुना झेंडा आहे. अ‍ॅन मॅगिल यांनी तो २०१९ मध्ये केला होता. पण भडक रंगांच्या त्या वाकड्या पट्ट्या मोबाइलवर सरकवताना लुकलुकल्यासारख्या दिसायच्या. मायग्रेन, फिट येणाऱ्यांना त्रास व्हायला लागला. लोकांनी सांगितलं, बाईंनी ऐकलं, आणि २०२१ मध्ये रंग फिके करून पट्ट्या सरळ तिरक्या केल्या. लाल शारीरिक अपंगत्वासाठी, पिवळा बौद्धिक आणि मेंदूच्या वेगळ्या घडणीसाठी, पांढरा न दिसणाऱ्या किंवा निदान न झालेल्यांसाठी, निळा मानसिक आजारांसाठी, हिरवा पाहणं-ऐकणं यांच्याशी संबंधित. मी पांढऱ्या पट्टीतली. कृपया नवा लावा, जुना बघून माझं डोकं खरंच उठतं.

आणि काकांच्या बाजूने थोडंसं. अंधाऱ्या खोलीत पडून असते तेव्हा मलाही कसला अभिमान वाटत नाही. दुखणं ते दुखणं. सत्काराला कुणाला बोलावलंत तर “तुम्ही खचला नाहीत” हे वाक्य तेवढं भाषणातून वगळा. आम्ही खचतो. पगारी कामाचं आमंत्रण दिलंत तर मात्र लगेच येऊ.

निळी_शाई

मंच रद्द, झेंडा बदलला. काका पायऱ्यांचा किस्सा मोठ्याने वाचून दाखवत फिरतायत. अडचण एकच, देणगीदार खुर्ची देतानाचा फोटो मागतायत. आणि पैसे वीस खुर्च्यांचेच आहेत.

हातचाक

वीसच्या बारा करा. पण मापाच्या, उशीसकट. देणगीदाराला मापं घेण्याच्या दिवशी बोलवा आणि हातात टेप द्या: कंबरेची रुंदी, मांडीची लांबी, गुडघ्यापासून टाचेपर्यंतची उंची. तो फोटो खुशाल काढा, समोरच्याला विचारून. आमच्या ओळखीत एका देणगीदाराने असा दिवस घालवला. पुढच्या वेळी आपणहून उशांचे पैसे वेगळे दिले.

निमंत्रण नुसतं चित्र म्हणून फिरवू नका, खाली मजकूर टाइप करा. अंधांच्या स्क्रीन रीडरला चित्रातली अक्षरं बऱ्याचदा धड वाचता येत नाहीत. सांकेतिक भाषेचा दुभाषी ठेवणार असाल तर त्याला खिडकीकडे पाठ करून उभा करू नका, मागच्या उजेडात हात दिसत नाहीत. तासाभराच्या वर कार्यक्रम असेल तर दोन दुभाषी, आणि दोघांनाही मानधन.

हिशेबवाल्या ताईंना फक्त वह्या दिल्यायत की समितीत मतही आहे? नसेल तर जुलैच्या आधी द्या. खुर्च्यांच्या पैशातून थोडे बाजूला काढून ठेवा, पुढची छोटी चाकं, ट्यूब आणि ब्रेक आधी जातात. वर्षभराने बारापैकी किती चालू आहेत ते घरोघरी जाऊन कोण बघणार, त्याचं नाव याच बैठकीत लिहून घ्या.